उन्हात उभी गाडी भट्टी का होते? लग्नाला गाडी नेण्याआधी एवढं वाचाच

तेल्हारा (प्रतिनिधी) : आपल्या अकोला जिल्ह्याचं ऊन कसं असतं हे कोणाला सांगायची गरज नाही. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा उन्हापायी जिल्ह्यात महिनाअखेरपर्यंत १४४ कलम लावावं लागलं होतं. आता पुन्हा तेच दिवस आलेत, त्यात लग्नसराई. मंडप शेतात किंवा गावाबाहेरच्या मैदानात, आणि गाड्या भर उन्हात रांगेनं उभ्या. तीन-चार तासांनी दार उघडलं की आतून वाफ अंगावर येते, स्टेअरिंगला हात लावता येत नाही. आता गावोगाव चारचाकी झाली आहे, त्यामुळे हा प्रश्न घरोघरचा आहे. गाडी तापते का, ती कमी कशी तापवायची, आणि कोणत्या गोष्टीवर अजिबात भरवसा ठेवायचा नाही, ते पाहू.

काचेतून ऊन आत येतं, उष्णता बाहेर जात नाही

सूर्याचा उजेड काचेतून सहज आत शिरतो. आत तो डॅशबोर्ड, सीट, स्टेअरिंगवर पडतो आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र काचेतून तशी बाहेर पडत नाही, आणि काचा बंद असल्याने गरम हवाही आतच कोंडते. पॉलिहाऊस ज्यांनी पाहिलं त्यांना हे लगेच समजेल. तोच प्रकार गाडीत होतो.

अमेरिकेत अ‍ॅरिझोना नावाचं राज्य आहे, तिथलं ऊनही आपल्यासारखंच कोरडं आणि कडक. तिथल्या विद्यापीठाने उन्हात आणि सावलीत गाड्या उभ्या करून मोजमाप घेतलं, ते २०१८ साली प्रसिद्ध झालं. बाहेर ३८ अंशांच्या आसपास किंवा जास्त तापमान असताना एका तासानंतरचे सरासरी आकडे असे :

- उन्हातली गाडी : आतली हवा ४७ अंश, डॅशबोर्ड ६९, स्टेअरिंग ५३, सीट ५१ अंश.
- सावलीतली गाडी : आतली हवा ३८ अंश, डॅशबोर्ड ४८, स्टेअरिंग ४२, सीट ४१ अंश.

नुसत्या सावलीने डॅशबोर्ड २१ अंशांनी कमी तापला. म्हणून ऊन काचेच्या बाहेरच अडवणं हाच खरा उपाय. एकदा ते आत शिरलं की मग एसीला दुप्पट काम.

सावली कुठे पडेल ते बघून गाडी लावा

बरेच जण गाडी लावताना आत्ता सावली कुठे आहे ते बघतात. पण सावली सरकते. अकरा वाजता लग्नाला गेलात तर गाडी तिथे दोन-तीन वाजेपर्यंत राहणार. दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडे कलतो, सावली पूर्वेला जाते. म्हणून झाडाच्या पूर्वेच्या बाजूला गाडी लावा.

भिंतीच्या सावलीवर मात्र मे महिन्यात विसंबू नका. २३ मेच्या आसपास आपल्याकडे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीचीसुद्धा सावली पडत नाही. अशा वेळी भिंत काय कामाची? डोक्यावर काही तरी पाहिजे. निंबाचं झाड, गोठ्याचं छप्पर, टिनाचं शेड, नाहीतर हिरवी शेडनेट.

झाडाखाली वाळलेलं गवत, कुटार किंवा पाचट पसरलेलं असेल तर तिथे गाडी नेऊ नका. सायलेन्सर तापलेला असतो, त्याने खालचं गवत पेटू शकतं.

सावली मिळालीच नाही तर दुपारी गाडीचं तोंड पूर्वेकडे ठेवा. म्हणजे समोरच्या मोठ्या काचेवर थेट ऊन येत नाही.

घरच्या सामानात होणारे उपाय

समोरची काच बाहेरून झाका. चमकदार सनशेड आतून लावला तरी फायदा होतो, चकाकती बाजू बाहेर पाहिजे. पण बाहेरून झाकलं तर ऊन काचेतून शिरतच नाही. जुनी पांढरी चादर, धोतर काहीही चालतं. दोन टोकं दारात दाबा, मधे वायपर. डिक्कीत एक जुनी चादर कायम ठेवा.

स्टेअरिंग आणि गिअरवर दुपट्टा टाका. रेक्झिनच्या सीटवरही सुती कापड अंथरा. लहान मुलांना बसवण्याआधी सीटबेल्टचं लोखंडी बक्कल हाताने तपासा, त्याने चटका बसतो.

पाणी मारायचं असेल तर ओला कपडा टाका. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून तर कूलर चालतो. ओलं पोतं किंवा चादर टपावर टाकली तर तेच काम होतं. पण तापलेल्या काचेवर थंड पाण्याची बादली ओतू नका. काचेला आधीच बारीक तडा असेल तर तो वाढू शकतो. खारपाणपट्ट्यातल्या भावांनी तर बोअरचं पाणी जपूनच वापरावं, वाळल्यावर काचेवर आणि रंगावर पांढरे डाग राहतात.

काळी फिल्म हा उपाय नाही. काचांवर काळी फिल्म लावण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच मनाई केली. समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. उगाच दंड कशाला भरायचा?

नवीन गाडी घेणार असाल तर रंगाचाही विचार करा. पांढरी किंवा चंदेरी गाडी काळ्या गाडीपेक्षा आतून काही अंश कमी तापते.

बसण्याआधी दोन मिनिटं द्या

दार उघडून लगेच बसून एसी फुल करू नका. आधी आतली गरम हवा बाहेर काढा. एका बाजूची काच खाली घ्या आणि समोरच्या बाजूचं दार पाच-सहा वेळा उघड-बंद करा. पंख्यासारखी हवा निघते. मग काचा खाली ठेवूनच थोडं अंतर जा, एसी बाहेरची हवा घेण्यावर ठेवा. गरम हवा गेली की काचा लावा आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबा. गाडी लवकर थंड होते, डिझेलही वाचतं.

गाडीत काय ठेवायचं नाही

मोबाईल, पॉवर बँक, लायटर, सेंटचे स्प्रे डॅशबोर्डवर ठेवू नका. साखरेच्या आजाराचं इन्सुलिन गरमीने खराब होतं. जनावरांची लस तर बर्फाशिवाय आणूच नका. शेतकऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तालुक्याहून बियाण्याची पाकिटं आणली आणि दिवसभर गाडीतच राहिली, तर उगवणशक्ती जाऊ शकते. रायझोबियम, ट्रायकोडर्मा यांत तर जिवंत जीवाणू आणि बुरशी असते, ती उष्णतेने मरते. फवारणीचं औषध बंद गाडीत ठेवलं तर त्याची वाफ आपणच श्वासात घेतो.

सगळ्यात महत्त्वाचं : लेकरू गाडीत ठेवायचं नाही

वर सांगितलेले सगळे उपाय गाडीसाठी आहेत. ते केले म्हणून आत माणूस ठेवायला गाडी सुरक्षित झाली, असं अजिबात समजू नका. आपल्याकडे ४५ अंश असताना सावलीतली गाडीही आतून धोकादायकच असते.

"काच दोन बोटं उघडी ठेवली आहे, पाच मिनिटांत येतो," असं आपण सहज म्हणतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली मोजून दाखवलं की काच थोडी उघडी ठेवल्याने खास फरक पडत नाही. तापमान जेवढं वाढायचं, त्यातलं ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच वाढतं. लहान लेकराचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पटीने लवकर तापतं. अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की उष्माघात, आणि तो जीवावर बेततो.

लग्नात धोका दोन प्रकारचा. झोपलेलं लेकरू आई-बाबा गाडीत ठेवतात, हा एक. दुसरा म्हणजे पोरं खेळता खेळता उघड्या गाडीत शिरतात, दार लागतं आणि मागच्या दाराला चाइल्ड लॉक असेल तर ते आतून उघडत नाही. तिकडे बँडच्या आवाजात कोणाला ऐकू येत नाही. म्हणून :

- गाडी रिकामी असली तरी लॉक करा, किल्ली पोरांच्या हाती देऊ नका.
- उतरताना मागची सीट वळून बघा.
- पोरांना हॉर्न दाबायला शिकवा. बऱ्याच गाड्यांचा हॉर्न किल्ली नसतानाही वाजतो. आपल्या गाडीचा वाजतो का, आजच तपासा.
- पोरगं दिसत नसेल तर विहीर, टाकं आणि उभ्या गाड्या सगळ्यात आधी बघा.
- ड्रायव्हर मंडळींनी बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून, एसी लावून झोपू नये. धुराचा विषारी वायू आत साचतो, त्याला वास नसतो.

कोणी आत अडकलेलं दिसलं तर मालकाची वाट बघू नका. त्या व्यक्तीपासून लांबची बाजूची काच कोपऱ्यावर मारून फोडा. समोरची काच लवकर फुटत नाही. बाहेर काढून सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

लग्नघरच्या मंडळींनाही एक विनंती. मंडप आणि पंगतीसाठी आपण चार माणसं नेमतो, तशी दोन पोरं गाड्यांच्या रांगेवर नेमा. तासाला एक चक्कर मारून प्रत्येक काचेतून आत डोकावलं, एवढंच त्यांचं काम. खर्च काहीच नाही, आणि एखाद्या घरचं लेकरू वाचू शकतं.