सुपरवायझर प्रोसेस: पुन्हा सुरू करणे, सोडून देणे आणि नीट बंद करणे

ऑपरेटिंग सिस्टिम या विषयात तुम्ही फोर्क, वेट आणि किल हे कॉल शिकला असाल. पॅरेंट प्रोसेस चाइल्ड तयार करते, ती संपण्याची वाट पाहते आणि तिचा एक्झिट कोड वाचते. पाठ्यपुस्तकातला धडा बहुधा इथेच थांबतो. चाइल्ड मध्येच कोसळली तर पॅरेंटने काय करायचे, किती वेळा करायचे, आणि सगळा प्रोग्राम बंद करताना आधी कोणाला थांबवायचे, हे प्रश्न मात्र प्रत्यक्ष सॉफ्टवेअर लिहायला बसल्यावर लगेच समोर येतात. या लेखात आपण तेच प्रश्न घेऊ. उदाहरणासाठी अर्लांग ही भाषा आणि तिच्यासोबत येणारा ओटीपी हा संच घेतला आहे, कारण या प्रश्नांची उत्तरे तिथे अगदी उघडपणे लिहिलेली सापडतात. अर्लांग येत नसेल तरी हरकत नाही.

थोडी पार्श्वभूमी. अर्लांग १९८० च्या दशकात स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाली. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स हे तिचे जनक. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एक कॉल तुटला म्हणून बाकीचे हजारो कॉल तुटता कामा नयेत, ही त्यांची गरज होती. म्हणून अर्लांगमधली प्रोसेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोसेसपेक्षा खूप हलकी असते (एका मशीनवर लाखो चालतात) आणि तिची मेमरी पूर्णपणे स्वतंत्र असते. दुसरीशी बोलायचे तर संदेश पाठवायचा, इतकाच मार्ग.

हा मेमरीचा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. सामायिक मेमरी वापरणारा एखादा थ्रेड मध्येच मेला, तर तो कुलूप घेऊन मेला असेल किंवा एखादी यादी अर्धवट बदलून ठेवून गेला असेल. त्याच्या जागी नवा थ्रेड सुरू केला तरी तो त्याच बिघडलेल्या मेमरीवर काम करणार. स्वतंत्र मेमरी असलेली प्रोसेस मेली, की तिचा बिघाडही तिच्यासोबत जातो.

पुन्हा सुरू केल्याने चूक दुरुस्त होते का? नाही. कोडमधला दोष जिथल्या तिथे राहतो. मग फायदा काय? टँडम कंपनीत काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये संगणक बंद का पडतात यावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी दोषांचे दोन प्रकार सांगितले. एक 'बोरबग': तोच इनपुट दिला की हमखास तीच चूक. दुसरा 'हायझेनबग': संदेशांचा विशिष्ट क्रम, नेमक्या क्षणी तुटलेले नेटवर्क अशा योगायोगाने होणारा, आणि शोधायला गेलात की गायब होणारा. चाचणीत बोरबग बरेचसे पकडले जातात. प्रत्यक्ष वापरात उरतात ते मुख्यतः हायझेनबग, आणि त्यांच्यावर 'पुन्हा करून पाहा' हा उपाय चालतो. त्यामुळे सुपरवायझरकडे दोन कामे येतात: हायझेनबगसाठी पुन्हा सुरू करणे, आणि हा बोरबग आहे असे दिसले की थांबणे. व्हायव्हात विद्यार्थी पहिले काम लगेच सांगतात, दुसरे विचारावे लागते.

एक उदाहरण: ऑनलाइन परीक्षा

समजा, दोन हजार विद्यार्थी एकाच वेळी परीक्षा देत आहेत. प्रत्येकासाठी एक 'सत्र' प्रोसेस आहे. सगळ्या सत्रांकडून उत्तरे गोळा करून थोडी मेमरीत साठवणारी आणि दर दोन सेकंदांनी डेटाबेसमध्ये लिहिणारी एक 'लेखनिक' प्रोसेस आहे. डेटाबेसचे 'कनेक्शन' सांभाळणारी तिसरी आहे.

कोणी मेले तर कोणाकोणाला पुन्हा सुरू करायचे, हे सुपरवायझरच्या धोरणावर ठरते. वन_फॉर_वन म्हणजे जी मेली तीच. वन_फॉर_ऑल म्हणजे एक मेली की सगळ्यांना बंद करून सगळ्या नव्याने. रेस्ट_फॉर_वन म्हणजे जी मेली ती आणि तिच्यानंतर सुरू झालेल्या. निवड करताना एकच प्रश्न विचारा: मेलेल्या प्रोसेसची एखादी खूण, म्हणजे तिचा पीआयडी किंवा तिच्याशी चाललेला अर्धवट व्यवहार, दुसऱ्या कोणाजवळ राहिला आहे का? लेखनिकाजवळ कनेक्शनचा पीआयडी आहे. कनेक्शन मेले तर तो पीआयडी निरुपयोगी, म्हणून हे दोघे रेस्ट_फॉर_वनखाली, कनेक्शन आधी आणि लेखनिक नंतर.

त्याच यादीत तिसऱ्या क्रमांकावर सत्रे ठेवण्याचा मोह होईल. ठेवू नका. डेटाबेसचे कनेक्शन एकदा तुटले की दोन हजार सत्रे बंद होतील. सत्र लेखनिकाला नोंदवलेल्या नावाने हाक मारते आणि उत्तराची पोच मिळेपर्यंत ते स्वतःजवळ ठेवते, असे लिहिले तर लेखनिक क्षणभर नसला तरी सत्राचे अडत नाही. म्हणून रचना अशी: वर एक मुख्य सुपरवायझर, वन_फॉर_वन, त्याच्याखाली आधी 'साठवण' सुपरवायझर (कनेक्शन, लेखनिक) आणि नंतर 'सत्रे' सुपरवायझर.

प्रत्येक चाइल्डचा पुन्हा सुरू करण्याचा प्रकारही सांगावा लागतो. परमनंट असेल तर कशीही संपली तरी पुन्हा सुरू होते. ट्रान्झियंट असेल तर फक्त असाधारण कारणाने संपल्यावर. टेम्पररी असेल तर कधीच नाही. न सांगितल्यास परमनंट धरले जाते, आणि आपल्या सत्रासाठी ते सपशेल चुकीचे आहे. विद्यार्थी पेपर सबमिट करून निघून जातो, सत्र नॉर्मल कारणाने संपते, आणि सुपरवायझर इमानेइतबारे त्याच्यासाठी नवे सत्र उघडून बसतो! सत्र ट्रान्झियंट हवे.

आणखी एक गोष्ट: पुन्हा सुरू झालेल्या प्रोसेसला जुनी स्थिती मिळत नाही. तिला सुरुवातीचेच आर्ग्युमेंट मिळतात. इथे विद्यार्थ्याचा बैठक क्रमांक. तोपर्यंतची उत्तरे आणि उरलेला वेळ तिने डेटाबेसमधून वाचून घ्यायचा असतो.

किती वेळा?

प्रत्येक सुपरवायझरला दोन आकडे दिलेले असतात: इंटेन्सिटी आणि पीरियड. तेवढ्या सेकंदांत तेवढ्यापेक्षा जास्त वेळा पुन्हा सुरू करावे लागले, तर सुपरवायझर हार मानतो. आपली सगळी चाइल्ड बंद करतो आणि स्वतःही संपतो. मग निर्णय त्याच्या वरच्या सुपरवायझरकडे जातो. आपण काहीच लिहिले नाही तर ओटीपी ५ सेकंदांत १ पुनरारंभ धरते. अर्लांगच्याच आभासी यंत्रावर चालणाऱ्या एलिक्सिर भाषेत ५ सेकंदांत ३.

हा हिशेब प्रत्येक चाइल्डचा वेगळा नसतो, संपूर्ण सुपरवायझरचा एकच असतो. आता आपल्या परीक्षेकडे पाहा. दोन हजार सत्रे एकाच सुपरवायझरखाली आणि आकडे मुळातले. पाच सेकंदांत दोन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची सत्रे योगायोगाने कोसळली, की उरलेल्या एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णव जणांचाही पेपर बंद! वरचा सुपरवायझर 'सत्रे' सुपरवायझर पुन्हा सुरू करेल, पण तो रिकामा असेल, कारण ही चाइल्ड चालू प्रोग्राममध्ये एकेक करून जोडलेली होती. प्रत्येकाला पुन्हा लॉगिन करावे लागेल.

मग इंटेन्सिटी ५० करावी? त्याने योगायोगाचे अपघात पचतील. पण एखाद्याच विद्यार्थ्याच्या उत्तरात असे काही आहे की सत्र ते वाचताच कोसळते, तर तो बोरबग झाला. ओटीपीचा सुपरवायझर दोन प्रयत्नांमध्ये थांबत नाही, लगेच पुन्हा सुरू करतो. पन्नास प्रयत्न डोळ्याची पापणी लवते न लवते तोच संपतील आणि निकाल तोच, सगळ्यांचा पेपर बंद.

माझ्या मते इथे झाडाला एक पातळी वाढवणे हाच योग्य उपाय आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा छोटा सुपरवायझर द्या, समजा ६० सेकंदांत ३ पुनरारंभांचा. हा छोटा सुपरवायझर मोठ्याखाली टेम्पररी म्हणून ठेवा. त्याने हार मानली तर मोठा त्याला पुन्हा सुरू करत नाही आणि मोजतही नाही. एकाचा पेपर अडला, त्याच्याकडे पर्यवेक्षक जातील, बाकीचे लिहीत राहतील. पेपर सबमिट झाल्यावर छोटा सुपरवायझर रिकामा मागे उरू नये, यासाठी २०२१ च्या ओटीपी २४ पासून सोय आहे: सत्राला 'सिग्निफिकंट' म्हणून खूण करायची आणि ऑटो_शटडाऊन चालू करायचे. सत्र संपले की सुपरवायझरही मिटतो.

पातळ्या वाढवताना गुणाकार विसरू नका. तीन पातळ्यांवर प्रत्येकी ३ पुनरारंभ दिले, आणि मधले सगळे सुपरवायझर परमनंट असले, तर प्रत्येक पातळी चौथ्या वेळी हार मानते. म्हणजे सगळ्यात वरचा सुपरवायझर पडेपर्यंत खालची प्रोसेस चौसष्ट वेळा कोसळलेली असते. लॉगच्या फाइलमध्ये तुम्हाला चौसष्ट वेळा तोच मजकूर दिसेल.

याच कारणाने इनिट फंक्शनमध्ये काय लिहायचे हेही जपून ठरवा. सुपरवायझर चाइल्ड क्रमाने सुरू करतो आणि प्रत्येकीचे इनिट पूर्ण होईपर्यंत थांबतो. कनेक्शन प्रोसेसने इनिटमध्येच डेटाबेसशी जोडण्याचा हट्ट धरला आणि डेटाबेस दहा सेकंद बंद असला, तर प्रयत्न पटापट फसत जातील, मर्यादा संपेल आणि दहा सेकंदांच्या अडचणीपायी संपूर्ण प्रणाली पडेल. डेटाबेस कधीतरी बंद असणार हे ठाऊकच असते, ते कोसळण्याचे कारण होऊ नये. इनिटमध्ये फक्त आपल्या हातातल्या गोष्टी करा: कॉन्फिगरेशन वाचणे, टेबल तयार करणे. जोडणी त्यानंतर, हँडल_कंटिन्यूमध्ये, स्वतःच्या हिशेबाने थांबत थांबत करा.

बंद करणे

बंद करण्याचा क्रम सुरू करण्याच्या बरोबर उलटा असतो. मुख्य सुपरवायझर आधी 'सत्रे' बंद करतो, मग 'साठवण'. सत्र जाता जाता अर्धवट टाइप केलेले उत्तर लेखनिकाला देते आणि पोच घेते. लेखनिक अजून जिवंत आहे. मग लेखनिकाची पाळी येते, तो साठलेली उत्तरे लिहून टाकतो. कनेक्शन अजून जिवंत आहे. शेवटी कनेक्शन. सुरू करण्याचा क्रम अवलंबित्व पाहून लावला असेल तर हा क्रम आपोआप मिळतो. मात्र 'सत्रे' सुपरवायझर सिंपल_वन_फॉर_वन प्रकारचा असेल, तर त्याखालच्या चाइल्ड एकदमच बंद केल्या जातात, त्यांच्यात आपापसांत क्रम नसतो.

एका चाइल्डला बंद करताना सुपरवायझर तिला शटडाऊन हे कारण असलेला एक्झिट संकेत पाठवतो आणि ठरावीक वेळ वाट पाहतो. वर्करसाठी हा वेळ मुळात ५००० मिलिसेकंद असतो. तोवर ती संपली नाही तर किल पाठवतो, आणि किल कोणालाही अडवता येत नाही. चाइल्ड स्वतःच सुपरवायझर असेल तर वेळ इन्फिनिटी ठेवतात, म्हणजे तिच्या खालच्या झाडाला आवरायला अवसर मिळतो.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा. लेखनिकात तुम्ही टर्मिनेट फंक्शन लिहिले, त्यात उरलेली उत्तरे डेटाबेसमध्ये टाकली, आणि निश्चिंत झालात. पण प्रोसेसने ट्रॅप_एक्झिट हा फ्लॅग लावलेला नसेल, तर शटडाऊनचा संकेत येताच ती जागच्या जागी मरते. टर्मिनेट चालतच नाही. कंपायलर काही बोलत नाही, लॉगमध्येही काही दिसत नाही. शेवटच्या दोन सेकंदांतली उत्तरे मात्र गेलेली असतात. फ्लॅग लावला तरी किल आल्यावर किंवा वीज गेल्यावर टर्मिनेट चालणार नाहीच. म्हणून उत्तर खरोखर डेटाबेसमध्ये पोहोचेपर्यंत लेखनिकाने सत्राला पोच देऊ नये. टर्मिनेटमुळे बंद करणे सभ्यपणे होते, पण डेटाच्या सुरक्षिततेची हमी पोचेतूनच मिळते.

या झाडाच्या बाहेर आणखी एक सुपरवायझर असतो. लिनक्सवर सिस्टिमडी सिगटर्म पाठवतो, मुळात ९० सेकंद थांबतो आणि मग सिगकिल. कुबरनेटिस ३० सेकंद थांबतो. ओटीपी २० पासून सिगटर्म आल्यावर अर्लांग झाड वरून सांगितल्याप्रमाणे क्रमाने बंद करते. पण आतल्या पायऱ्यांना मिळून ४० सेकंद लागत असतील आणि बाहेर कुबरनेटिस ३० च देत असेल, तर मधेच सिगकिल येईल, आणि तेव्हा उरलेला असेल तो नेमका लेखनिक, कारण त्याची पाळी शेवटी येते. आतल्या वेळांची बेरीज बाहेरच्या मर्यादेपेक्षा कमी आहे ना, हे कागदावर मांडून पाहा.

स्वतः करून पाहण्यासाठी: डेटाबेसऐवजी साधी फाइल घेऊन फक्त लेखनिक आणि त्याचा सुपरवायझर लिहा. शेलमधून लेखनिकाला पाच उत्तरे पाठवा आणि दोन सेकंद उलटण्याच्या आत इनिट मॉड्यूलचे स्टॉप फंक्शन बोलवा. फाइलमधल्या ओळी मोजा. मग ट्रॅप_एक्झिटची ओळ काढून तेच पुन्हा करा. तिसऱ्या वेळी ती ओळ परत घाला, टर्मिनेटच्या सुरुवातीला सहा सेकंदांची झोप टाका, आणि फाइलमध्ये किती ओळी सापडतील याचा अंदाज आधी वहीत लिहून मगच चालवा.