छेद घेताना पेशीतले काय हरवते?

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ, कावेरीच्या खोऱ्यात स्वामीमलै हे मुरुगनाचे, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचे क्षेत्र आहे. सतराव्या शतकापासून १७९९ पर्यंत हा मुलूख तंजावरच्या भोसले राजांच्या राज्यात मोडत होता. विड्याच्या पानांसाठी हा परिसर नावाजलेला आहे. परंतु स्वामीमलैची खरी ख्याती आहे ती पंचधातूच्या मूर्तींसाठी. येथील स्थपती मधमाशांचे मेण व राळ यांच्या मिश्रणातून आधी मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे लेप देतात आणि साचा तापवतात. मेण वितळून बाहेर वाहते व त्याच्या जागी धातूचा रस ओततात. मेणाची मूर्ती जराशी वाकली असेल, तर ते वाकणे धातूत कायमचे उतरते.

वनस्पतीचा अंतर्भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी प्रयोगशाळेतही मेण वापरतात. क्रिया मात्र उलटी असते. येथे मेण बाहेर जात नाही, आत शिरते. आणि पेशीतील पाणी त्याला जागा करून देते. हे पाणी जाताना आपल्याबरोबर आणखी काय घेऊन जाते, हा या पाठाचा विषय आहे.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप पाहिला, तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारखे रिकामे कप्पे दिसले. या कप्प्यांना त्याने दिलेल्या नावासाठीच आपण आज ‘पेशी’ हा शब्द वापरतो. बूच मृत असल्यामुळे त्याच्या पेशींत केवळ भित्तिका उरल्या होत्या. जिवंत पेशीत जीवद्रव्य, केंद्रक, हरितलवके, पिष्टकण, तेलाचे थेंब, स्फटिक असे पुष्कळ काही असते. पेशीभित्तिका टणक असल्याने ती सहज टिकते. कसोटी लागते ती आतल्या ऐवजाची.

झाडापासून तोडलेला तुकडा लगेच कुजू व सुकू लागतो. म्हणून प्रथम त्याचे स्थिरीकरण करतात, म्हणजे पेशी आहे त्या स्थितीत थांबवतात. यासाठी अल्कोहोल, फॉर्मालिन व ॲसेटिक आम्ल यांचे मिश्रण फार प्रचलित आहे. अल्कोहोलमुळे जीवद्रव्य आकसते, तर ॲसेटिक आम्लामुळे ते फुगते. दोन्ही एकत्र केल्याने एकाचा दोष दुसरा बऱ्याच अंशी भरून काढतो. (फॉर्मालिनची वाफ डोळ्यांना व श्वासाला अपायकारक असते, ते घरी हाताळू नये.) पुढे तुकडा सौम्य अल्कोहोलपासून तीव्र अल्कोहोलपर्यंत पायरीपायरीने नेतात. घाई करून एकदम तीव्र अल्कोहोलात टाकला, तर पाणी झपाट्याने निघून जाते आणि पेशी चुरगळतात. शेवटी झायलीनमधून काढून तो सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाला वितळलेल्या मेणात मुरवतात. थंड झालेल्या मेणाच्या ठोकळ्याचे मग छेदकयंत्रावर साधारण १० मायक्रोमीटर जाडीचे काप निघतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी.

असा छेद रंगवल्यावर अतिशय सुबक दिसतो. येथेच फसगत होते. विड्याच्या पानाचा असा छेद पाहा. पानातील तेलपेशींचे घर शाबूत असते, पण आतील सुगंधी तेल अल्कोहोल व झायलीन यांनी केव्हाच विरघळवलेले असते. हरितद्रव्यही गेलेले असते. ज्याने ताजे पान कधी पाहिलेच नाही, तो या पेशी मुळातच रिकाम्या होत्या असे खुशाल लिहून मोकळा होईल.

अडुळशाच्या बाबतीत ही चूक अधिक महागात पडते. खोकल्यावर घराघरांत वापरल्या जाणाऱ्या या वनस्पतीत महारुखाच्या पानांची भेसळ होते, अशी नोंद औषधी वनस्पतींच्या ग्रंथांत आढळते. वाळलेला चुरा नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण असते. अडुळशाच्या पानात कॅल्शियम कार्बोनेटचे लांबट खडे असतात. ती त्याची एक महत्त्वाची खूण होय. मात्र हे खडे आम्लात विरघळतात. वर सांगितलेल्या प्रचलित मिश्रणात आम्ल असतेच. म्हणजे अस्सल अडुळशातूनही खूण नाहीशी होऊ शकते आणि परीक्षक खरा माल खोटा ठरवू शकतो. उलट, अळूच्या पेशींतील सुईसारखे स्फटिक कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. घशाला खाज आणणारे हे स्फटिक ॲसेटिक आम्लाला दाद देत नाहीत. तेव्हा सर्व कामांना चालेल असे एकच द्रावण शोधणे व्यर्थ आहे. आपल्याला काय पाहायचे आहे, ते आधी ठरवावे लागते.

तेल किंवा कार्बोनेटचे खडे पाहायचे असतील, तर ताजा छेद उत्तम. गाजराच्या तुकड्याला चीर देऊन तीत पान धरावे, पाते ओले करून आपल्याकडे एका दमात ओढावे व काप पाण्यात घ्यावेत. सर्वांत पातळ काप काचपट्टीवर ठेवून आच्छादन काच तिरपी धरून हळूच सोडावी, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचा बुडबुडा नवख्याला हमखास तेलाचा थेंब वाटतो! सुदान-३ या रंजकाने तेल तांबूस होते, बुडबुडा होत नाही. आयोडीनने पिष्टकण निळेकाळे होतात. अडुळशाच्या ताज्या छेदावर सौम्य ॲसेटिक आम्लाचा थेंब सोडला, की खड्यातून वायूचे बुडबुडे निघताना दिसतात.

ताजा छेदही पूर्ण निर्दोष नसतो. पाते ज्या पेशींतून जाते त्या फुटतात व त्यांतील स्फटिक शेजारी विखुरतात; म्हणून काठाच्या पेशी सोडून अखंड पेशी पाहाव्यात. छेद कोणत्या द्रवात ठेवला, यानेही चित्र बदलते. रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी साल साध्या पाण्यात पाहिली, तर रंग पेशीभर पसरलेला दिसतो. तीच साल मिठाच्या तीव्र पाण्यात ठेवताच आतील द्रव्य भित्तिकेपासून सुटून गोळा होते. दाट ग्लिसरीनही ताज्या पेशीतील पाणी असेच ओढून घेते.

म्हणून अनुभवी अभ्यासक एकाच पानाचे दोन छेद शेजारीशेजारी ठेवतात, एक ताजा आणि एक मेणातला. प्रत्येक काचपट्टीच्या चिठ्ठीवर वनस्पतीचे नाव व तारीख यांबरोबरच तुकडा कोणत्या द्रावणात किती वेळ होता, हेही ते लिहून ठेवतात.