एकसष्टाचे ज्येष्ठ आणि कनिष्ठ

भास्कराचार्यांनी आपल्या गावाचे नाव विज्जडविड असे नोंदवले आहे. ते गाव म्हणजे आपले बीड, असे काही अभ्यासकांनी मानले. दावा विजापूरचाही आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणल्यापासून पारडे तिकडे बरेच झुकले. आचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७च्या सुमारास मठ स्थापला, असे त्यात कोरले आहे. बीडचा हक्क मला प्रिय आहे, पण आचार्यांच्या गणिताची ओळख झाली तरच त्या हक्काला वजन येईल. त्यासाठी त्यांच्या दोनच संख्या पाहू.

११५०च्या सिद्धांतशिरोमणीतील बीजगणितात प्रश्न आहे: कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येतो? ६१च्या जागी ६० असते तर ४ने भागले असते, कारण ९६१ हा ३१चा वर्ग. ६२ला ८ पुरतात. मधल्या ६१ला मात्र सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे आहे. हे कनिष्ठ; येणाऱ्या वर्गाचे मूळ ते त्याचे ज्येष्ठ, १,७६,६३,१९,०४९.

एवढी मोठी संख्या चाचपडत सापडत नाही. आचार्यांची वाट चक्रवाळाची, म्हणजे फेरीफेरीने उत्तराकडे नेणाऱ्या रीतीची. ८चा वर्ग ६१पेक्षा ३ने जास्त, इथून आरंभ. एका फेरीत कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९ येतात: ५च्या वर्गाची ६१ पट १५२५ आणि ३९चा वर्ग १५२१, म्हणजे क्षेप (दोहोंतला फरक) ऋण ४. पुढे ब्रह्मगुप्ताची भावना, म्हणजे मिळालेल्या जोड्या एकत्र करून नवी जोडी घडवण्याची रीत, कामी येते. तिने ३८०५ आणि २९७१८ मिळतात, क्षेप ऋण १. आणखी एक भावना केली की उत्तर हाती. किती थोडक्या पायऱ्या! फर्माने १६५७मध्ये हाच ६१ युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला, तेव्हा बीजगणित लिहून पाच शतके उलटली होती. असे उत्तर नेहमी मिळतेच, याची सिद्धता पुढे लाग्रांजने दिली.

आता या संख्यांची जातकुळी. कनिष्ठ म्हणजे ३८०५ आणि २९७१८ यांच्या गुणाकाराची दुप्पट, त्यामुळे तिचे अवयव सहज सुटतात: ४ × ९ × ५ × १३ × १२७ × ७६१. तिला १४४ विभाजक आहेत, आणि स्वतःला वगळून उरलेल्यांची बेरीज तिच्या दुपटीहूनही जास्त भरते. ज्येष्ठ वरून मूळ संख्या वाटते, पण ती १५२३ × ११,५९,७६३ आहे. मला खरे सौंदर्य दिसते ते तिच्या शेजाऱ्यांत. एकने लहान संख्या ही २९७१८च्या वर्गाची दुप्पट. एकने मोठी, ३८०५च्या वर्गाची १२२ पट. चक्रवाळाचा सगळा प्रवास ज्येष्ठाच्या दोन्ही अंगांना उमटला आहे.

या संख्यांच्या अंकांतही एक गंमत आहे. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) ६१७४ या संख्येमुळे जगभर माहीत झाले. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद हे नाव दिले. कनिष्ठाच्या अंकांची बेरीज ३६. सिद्धांतशिरोमणी रचताना आचार्यांचे वयही ३६च होते, हा निव्वळ योगायोग. कनिष्ठाला ३६ने भागून पाहावे: ६२,८२,०५५, बाकी शून्य. कनिष्ठ हर्षद आहे. ज्येष्ठाच्या अंकांची बेरीज ४६ आणि संख्या विषम, म्हणून ती त्या पंगतीत बसत नाही.