मेडशी ते न्यूयॉर्क, व्हाया अकोला

2008 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला निघालेल्या माझ्या चुलत बहिणीची बॅग आडतीच्या काट्यावर चढली. एका बॅगेत 23 किलो, वर गेलं तर विमानतळावर काढावं लागेल, असं तिनं बजावलं होतं. तुरीच्या डाळीची पिशवी दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली. शेवटी आडत्यानंच निकाल दिला: डाळ राहू द्या, चादर काढा. चादरी तिकडंही मिळतात.

एअर इंडियानं मुंबई-न्यूयॉर्क थेट विमान 1 ऑगस्ट 2007 ला सुरू केलं, म्हणजे तेव्हा त्याला वर्षही झालं नव्हतं. अंतर साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात ही वाट अरबस्तानावरून जाईल असं वाटतं. पण पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून बघा, तो उत्तरेला चढत थेट ग्रीनलंडच्या अंगानं जातो. जाताना सोळा तास, येताना चौदाच्या आसपास, कारण उंचावरचे पश्चिमेचे वारे परतीला पाठीशी असतात.

मागं वळून पाहिलं तर हे सोळा तास फार जुने नाहीत. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. नुसत्या लंडनलाच एक अख्खा दिवस लागला. तेच अंतर आज नऊ-दहा तासांचं. मे 1960 मध्ये बोईंग 707 न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागलं, तेही लंडनमार्गे. साठ वर्षांत आकाशातला वेळ असा उतरत गेला.

जमिनीवरचं काय? आम्ही दुपारी आमच्या गावाहून, मेडशीहून, एसटीनं निघालो, पातूरचा घाट उतरून अकोला, रात्रीची विदर्भ एक्सप्रेस, सकाळी मुंबई, दिवसभर दादरला नातेवाइकांकडं, रात्री सहार विमानतळ. मध्यरात्रीनंतरच्या विमानापर्यंत तीसहून जास्त तास बहिणीचे जमिनीवरच गेले. जवळ विमानतळ नव्हता असं नाही. अकोल्याचं शिवणी आहे, पण प्रवासी विमान काही तिथं येत नाही; धावपट्टी वाढवायचा विषय कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी येतो आणि रेंगाळतो. नांदेडचा विमानतळ त्याच 2008 मध्ये शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी सजला, पण आमच्या गावाला पुढचं काही सुचायचं ते अकोल्याच्याच दिशेनं.

खरा फरक पडला तो मात्र अलीकडं. अकोला-वाशीम रस्ता चौपदरी झाला. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला. तो वाशीम जिल्ह्यातल्या आमच्याच मालेगाव तालुक्याच्या शिवारातून गेला. 5 जून 2025 ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा तुकडा जोडला गेला. त्याआधी, 16 एप्रिलला, अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुटलं. आता पोरं सकाळी चहा घेऊन गाडी काढतात आणि संध्याकाळी मुंबईत असतात.

2008 ला बहिणीला सोडून आम्ही दुसऱ्या रात्रीच्या गाडीनं परतलो. अकोल्याहून पहिल्या एसटीनं मेडशीत उतरलो, तर काकू दारातच उभ्या. बहिणीचा फोन आदल्या संध्याकाळीच येऊन गेला होता. डाळीची पिशवी फुटली नव्हती.