वराडचा नातू, आयर्लंडचे मतदान आणि आपले घर

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात वराड नावाचे एक गाव आहे. जून २०१७ मध्ये या गावाचे नाव अनेक देशांतील वृत्तपत्रांत झळकले. याच गावातील घराण्याचे डॉ. लिओ वराडकर वयाच्या अडतिसाव्या वर्षी आयर्लंडचे पंतप्रधान झाले होते. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर यांचा जन्म मुंबईचा. ते तरुणपणी वैद्यकीय व्यवसायासाठी परदेशी गेले आणि पुढे डब्लिनमध्ये स्थायिक झाले. आई आयरिश, व्यवसायाने परिचारिका. डिसेंबर २०१९ मध्ये लिओ वराडकर कुटुंबीयांसह वराडला आले, तेव्हा गावाने त्यांचे मनापासून स्वागत केले. ‘कोकणचा नातू पंतप्रधान’ या अभिमानात ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे आपण सर्वच सहभागी झालो होतो.

या अभिमानात एक गोष्ट मात्र आपण हलक्या आवाजात बोलत होतो. लिओ वराडकर समलिंगी आहेत. ही गोष्ट कोणी शोधून काढलेली नाही. त्यांनी स्वतःच ती सांगितली. १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आरोग्यमंत्री असताना त्यांनी राष्ट्रीय रेडिओवरील मुलाखतीत हे जाहीर केले. त्यानंतर चारच महिन्यांनी त्यांच्या देशाने समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर सार्वमत घेतले. त्या मतदानावर लोक काय म्हणाले, आपल्या देशात हाच प्रश्न न्यायालयात आला तेव्हा आपण काय म्हणालो आणि या सर्वाचा आपल्या व्यापारी कुटुंबांशी काय संबंध आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आयर्लंडचा कौल

आयर्लंड हा परंपरेने कॅथलिक धर्मनिष्ठ देश. समलिंगी संबंध तेथे १९९३ पर्यंत कायद्याने गुन्हा होते. घटस्फोटाला परवानगी देणारे १९९५ चे सार्वमत जेमतेम निम्म्याहून किंचित अधिक मतांनी संमत झाले होते. अशा देशात २२ मे २०१५ रोजी नागरिकांना विचारण्यात आले, की स्त्री-पुरुष असा भेद न करता कोणत्याही दोन व्यक्तींना कायद्यानुसार विवाह करता यावा, असे कलम राज्यघटनेत घालावे काय? साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी मतदान केले. १२,०१,६०७ मते बाजूने, तर ७,३४,३०० मते विरोधात पडली. म्हणजे सुमारे ६२ टक्के होकार. त्रेचाळीसपैकी केवळ एका मतदारसंघात विरोधी मतांची संख्या अधिक होती. समलिंगी विवाहाला थेट जनमताने मान्यता देणारा आयर्लंड हा जगातील पहिला देश ठरला.

मतदानासाठी परदेशी नोकरी करणारे हजारो तरुण विमानाने आणि बोटीने मायदेशी परतले. निकालाच्या दिवशी डब्लिन कॅसलच्या प्रांगणात लोटलेल्या गर्दीची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. व्हॅटिकनचे राज्यसचिव कार्डिनल पारोलिन यांनी या निकालाला मानवतेचा पराभव म्हटले. डब्लिनचे आर्चबिशप डायरमुड मार्टिन यांनीही विरोधात मत दिले होते. परंतु तरुण पिढीपासून आपण किती दूर गेलो आहोत, हे चर्चने प्रामाणिकपणे तपासले पाहिजे, असे ते निकालानंतर म्हणाले. विरोधी प्रचारातील एक प्रमुख नाव असलेले डेव्हिड क्विन यांनी मोजणी पूर्ण होण्याची वाट न पाहता विजयी बाजूचे अभिनंदन केले. पराभव झाल्यावरही मतभेद शालीनतेने मांडता येतो, याचे हे उदाहरण.

सर्वच देशांनी असा कौल दिला, असे मात्र नाही. क्रोएशियाने २०१३ मध्ये विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचेच बंधन, अशी व्याख्या बहुमताने घटनेत घातली. स्लोव्हेनियाच्या मतदारांनी २०१५ च्या डिसेंबरात समलिंगी विवाहाचा कायदा फेटाळला. उलट ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये टपाली मतनोंदणीत ६१.६ टक्के, तर स्वित्झर्लंडने २०२१ मध्ये ६४ टक्क्यांनी होकार दिला. तेव्हा जग एकाच दिशेने धावत आहे, असेही म्हणता येत नाही आणि हे केवळ चार दिवसांचे खूळ आहे, असेही म्हणता येत नाही.

आपल्याकडील वाट

भारतात अशा प्रश्नावर राष्ट्रीय सार्वमत घेण्याची तरतूद नाही. त्यामुळे हा विषय न्यायालयाच्या मार्गाने आला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. पुढे विवाहाच्या मान्यतेसाठी याचिका दाखल झाल्या. एप्रिल-मे २०२३ मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठासमोर दहा दिवस सुनावणी चालली.

त्या काळातील प्रतिक्रिया आठवण्यासारख्या आहेत. ही मागणी शहरी उच्चभ्रू वर्गाची आहे, असे केंद्र सरकारने म्हटले. त्याला आधार देणारी आकडेवारी सरकारने दिलेली नाही, असे सरन्यायाधीशांनी सुनावले. हा विषय संसदेवर सोपवावा, असा ठराव बार कौन्सिल ऑफ इंडियाने केला. केंद्राने राज्यांची मते मागवली, तेव्हा सात राज्यांनी उत्तर दिले. राजस्थान, आंध्र प्रदेश व आसाम यांनी विरोध केला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर व सिक्कीम यांनी विषय गुंतागुंतीचा असल्याने अधिक वेळ हवा, असे कळवले. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये, विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल आला. विवाह करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि कायदा बदलण्याचे काम संसदेचे आहे, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला विवाहाव्यतिरिक्त काही कायदेशीर मान्यता द्यावी काय, यावर मात्र तीन विरुद्ध दोन असे मत पडून नकार आला. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळण्यात आल्या. कायद्याची आजची स्थिती ही अशी आहे.

निकालाच्या दिवशी नवरात्र चालू होते आणि आयंबिलची ओळी तीन-चार दिवसांवर आली होती. ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणच्या बाजारपेठेत, डोंबिवलीच्या फडके रोडवर त्या संध्याकाळी जे कानावर पडले त्याचे साधारण तीन प्रकार होते. ज्येष्ठांना हायसे वाटले; संस्कृती वाचली, असे ते म्हणाले. तरुणांपैकी काहींना वाईट वाटले, पण ते घरात बोलले नाहीत. सर्वांत मोठा वर्ग मात्र तिसरा होता: ‘हा आपला विषयच नाही, आपल्या घरांत असले काही नसते,’ असे म्हणून गिऱ्हाइकाकडे वळणारा. ज्या मुलाला किंवा मुलीला स्वतःविषयी काही सांगावयाचे असते, त्याचे तोंड कायमचे बंद करण्यास एवढे एकच वाक्य पुरेसे होते. दूरच्या डब्लिनमधील वराडकरांचा आपल्याला अभिमान वाटतो. तेच वाक्य आपल्या जेवणाच्या ताटावर उच्चारले गेले तर काय होईल, हा खरा प्रश्न आहे.

शास्त्र काय सांगते?

जैन कर्मसिद्धान्तात या विषयाची नोंद फार पूर्वीपासून आहे. चारित्रमोहनीय कर्माच्या नऊ नोकषायांत हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा यांच्यासोबत स्त्रीवेद, पुरुषवेद व नपुंसकवेद येतात. शरीराची रचना म्हणजे द्रव्यवेद आणि अंतरंगातील कामभाव म्हणजे भाववेद, असा भेद आचार्यांनी केला. दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्ती यांच्या गोम्मटसारात हे दोन बहुधा सारखे असतात, पण क्वचित विषमही असतात, असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे देह एक आणि भाव निराळा, ही शक्यता आपल्या पूर्वाचार्यांना ठाऊक होती.

याचा अर्थ शास्त्राने समलिंगी विवाहाला मान्यता दिली, असा मुळीच नाही. तिन्ही वेद मोहनीय कर्माचेच उदय आहेत आणि साधकाला तिन्हींच्या पलीकडे जावयाचे आहे. परंतु मग तिसऱ्याच्या घरातील उदयाची कुचेष्टा करण्याचा अधिकार पहिल्या दोघांना कोठून मिळतो? कर्माचा उदय हा दंड देण्याचा विषय नाही. मन, वचन आणि काया या तिन्हींनी अहिंसा पाळावयाची, तर टोमणा हीसुद्धा हिंसाच ठरते.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामी जिनालय कोकण शत्रुंजय म्हणून ओळखले जाते. त्याचा संबंध श्रीपाळ राजाच्या कथेशी जोडला जातो. ओळीच्या दिवसांत आपण ती कथा श्रद्धेने ऐकतो. सुखदुःख हे कर्माधीन आहे, असे मयणासुंदरीने सांगितले म्हणून राग आलेल्या पित्याने तिचे लग्न कुष्ठरोग्याशी लावून दिले. कथेत गौरव होतो तो मयणाच्या श्रद्धेचा. पित्याच्या क्रोधाचा होत नाही. विवाह हे मुलांना वठणीवर आणण्याचे साधन नाही, एवढा बोध तरी त्यातून घ्यावयास हवा.

दुसऱ्याच्या मुलीचा विचार

‘लग्न करून द्या, सर्व ठीक होईल,’ हा सल्ला आपल्या समाजात सर्रास दिला जातो. बायोडेटा छापला जातो, परिचय संमेलनात नाव नोंदवले जाते, वेविशाळ होते. मुलाने आईवडिलांना सांगितलेले असते. मुलीच्या घरी मात्र कोणालाच पत्ता नसतो. पुढे त्या मुलीची वर्षे वाया जातात आणि दोष तिच्याच पदरात पडतो. व्यापारात मालातील उणीव लपवून सौदा करणाऱ्याला आपण अप्रामाणिक म्हणतो. अचौर्य आणि सत्य ही अणुव्रते वेविशाळालाही लागू आहेत.

कायद्याच्या दृष्टीनेही हे धोक्याचे आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ जैनांनाही लागू आहे. महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणुकीने संमती मिळवली असेल, तर कलम १२ अन्वये विवाह रद्द ठरवण्याची मागणी करता येते. ‘उपचार’ करून घेण्याचा मार्गही बंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली आणि अशा तथाकथित उपचारांना भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. ज्यांना मराठीतून समजून घ्यावयाचे आहे, त्यांच्यासाठी पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये स्थापन केलेली समपथिक ट्रस्ट, तर मुंबईत १९९४ पासून कार्यरत असलेली हमसफर ट्रस्ट आहे.

कागदपत्रांची बाजू

अनेक वर्षे बँकेत काम केल्यामुळे या प्रश्नाची आर्थिक बाजू मला अधिक जवळची वाटते. निकालानंतर केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर २८ ऑगस्ट २०२४ रोजी अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले, की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास किंवा एकमेकांना नॉमिनी नेमण्यास कोणतीही बंदी नाही. रिझर्व्ह बँकेनेही त्याच महिन्यात बँकांना तसे कळवले. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे, असेही राज्यांना सांगण्यात आले.

परंतु नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे व्यापारी कुटुंबांनी पक्के लक्षात ठेवावे. नॉमिनीच्या हाती रक्कम येते ती वारसांच्या वतीने सांभाळण्यासाठी. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये साळगावकर कुटुंबाच्या प्रकरणात हेच तत्त्व कायम केले. हिंदू वारसा कायदा जैनांना लागू आहे आणि त्यातील वारसांच्या यादीत अशा जोडीदाराचा समावेश नाही. हिंदू अविभक्त कुटुंबातही त्याला स्थान नाही. म्हणून स्वकष्टार्जित संपत्ती, घर वा पेढीतील भांडवल याबाबत ज्याला व्यवस्था करावयाची आहे, त्याने दोन साक्षीदारांच्या सहीने मृत्युपत्र करावे. शक्य असल्यास त्याची नोंदणी करावी. भागीदारीच्या करारात निवृत्ती आणि मृत्यूनंतरच्या हिशेबाचे कलम स्पष्ट असावे.

वडिलांनीही एक गोष्ट करावी. मुलगा किंवा मुलगी लग्न करणार नाही, म्हणून तिचा अथवा त्याचा वाटा कमी करू नये आणि गादीवरून उठवू नये. लग्न न करणारे काका आणि आत्या आपल्या अनेक घरांत होते; त्यांनी पेढ्या सांभाळल्या, भाच्या-पुतण्यांची शिक्षणे केली. त्यांच्या मनात काय होते, हे कोणी विचारले नाही. आज निदान विचारावे आणि उत्तर मिळाल्यास ते शांतपणे ऐकून घ्यावे.

समलिंगी विवाहाचा कायदा भारतात व्हावा की होऊ नये, यावर वाचकांची मते भिन्न असतील आणि तशी असावीत. अनेकान्ताची शिकवण आपल्याला त्यासाठीच मिळाली आहे. तो निर्णय संसद यथावकाश घेईल. मूल घरात राहील की घर सोडून जाईल, परक्या मुलीची फसवणूक होईल की टळेल, हे निर्णय मात्र संसदेच्या हाती नाहीत. येत्या दिवाळीत चोपडापूजनाच्या वेळी नवी वही उघडाल, तेव्हा घरातील मृत्युपत्र, नामांकने आणि भागीदारीचे करार एकदा सर्वांसमोर वाचून पाहावेत. त्या निमित्ताने घरातील एखाद्याला काही सांगावेसे वाटले, तर बाकीच्यांनी त्याला मध्येच अडवू नये.