चित्रकलेचा तास आणि मोबाईल

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि सातारा-सांगली परिसरातील प्राथमिक वर्ग मोबाईलच्या पडद्यावर आले. केंद्र शासनाच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनुसार पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची फार तर दोनच सत्रे घ्यावयाची होती. साहजिकच भाषा व गणिताला अग्रक्रम मिळाला. चित्रकला उरल्यासुरल्या वेळेत गेली. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत कलेसाठी बहुधा स्वतंत्र शिक्षक नसतोच, वर्गशिक्षकच तो विषय सांभाळतात.

अडचण केवळ वेळेची नव्हती. पडद्यावर बोट टेकविले की रंग भरला जातो, चुकले की क्षणात पुसला जातो. कागदावर खडू दाबावा लागतो, पाण्याचा अंदाज घ्यावा लागतो, बिघडलेली रेघ निस्तरावी लागते. पाठविलेल्या तयार चित्राची नक्कल होई, आणि पुष्कळदा ती आईच्या हातची असे! मूल पेन्सिल कशी धरते, हे शिक्षकास छायाचित्रातून कसे कळावे? राज्यात पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 पासून उघडण्यास परवानगी मिळाली, तेव्हा दुसरीतील मुले शाळेच्या बाकावर प्रथमच बसत होती.

जैन घरांना मात्र ही उणीव भरून काढण्याची साधने दूर शोधावी लागत नाहीत. अक्षतांनी स्वस्तिक, त्यावर तीन बिंदू आणि सिद्धशिलेची चंद्रकोर रचताना मुलाची चिमूट, नजर आणि प्रमाणबुद्धी एकाच वेळी घडत असते. वृषभनाथांचा बैल, अजितनाथांचा हत्ती, मुनिसुव्रतनाथांचे कासव, पार्श्वनाथांचा सर्प अशी 24 लांछने म्हणजे वर्षभराचा चित्रपाठच. मूर्तीखालील चिन्ह मंदिरात नीट न्याहाळावे आणि घरी आठवून काढावे. मोबाईलमध्ये पाहून नव्हे.

साताऱ्याकडील औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मांची मूळ चित्रे आहेत. सहलीच्या यादीत औंधचे नाव अजूनही मागेच राहते, हे नवल.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावने 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास निराळाच मार्ग धरला. तेथे सायंकाळी 7 वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत दूरचित्रवाणी व मोबाईल बंद राहतात. तो वेळ वाचन, अभ्यास व संवादासाठी आहे. त्यातील 15 मिनिटे कागद-खडूला मिळावीत आणि मोठ्यांनी खोडरबर हाती न घेता शेजारी बसावे, एवढी तजवीज भोंग्याविनाही करता येईल.