पावशाचे ऐकावे, पण किती?

मृग जवळ आला की बांधावरच्या झाडात पावशा ओरडू लागतो. शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकू येते. हिंदी मुलखात त्याच पक्ष्याचे बोल ‘पी कहाँ’ होतात. ज्याची जशी निकड, तसा अर्थ! खरे तर तो मादीला साद घालत असतो. हा त्याचा विणीचा काळ, आणि अंडी घालायची ती सातभाईच्या घरट्यात. पाऊस कोसावर नसतानाही भर उन्हाळ्यात तो ओरडतो. म्हणजे पावशा ऋतू सांगतो, पेरणीचा दिवस नव्हे. आमचे अब्बा त्याचा आवाज आला की तिफण काढून डागडुजीला घेत. बियाण्याच्या पोत्याला मात्र हात लावत नसत. कृषी विभागही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे सांगतो. ओल खोल गेली नाही आणि पावसाने ताण दिला, तर कोंब करपतात. मग दुबार पेरणी आणि नवे कर्ज.

चातकाला आम्हा कवींनी थेंबासाठी चोच उघडून बसवले आहे. प्रत्यक्षात तो मजेत सुरवंट खातो! मात्र उत्तर आणि मध्य भारतात तो आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांच्या सोबतीने येतो, त्यामुळे पावसाचा दूत हे नाव त्याला शोभते.

वादळाची चाहूल ही निराळी गोष्ट. हवा दमट झाली की किडे खाली उतरतात आणि त्यांच्यामागे पाकोळ्याही जमिनीलगत उडतात. हवेच्या दाबातला फरक पक्ष्यांना जाणवतो, असेही प्रयोगांत दिसले आहे. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेतील टेनेसीच्या डोंगरांतून जेमतेम नऊ ग्रॅम वजनाचे काही पक्षी अचानक निघून गेले. वादळ तेव्हा शेकडो किलोमीटर दूर होते, तिथली हवाही फारशी बदललेली नव्हती. वादळ सरल्यावर ते परतले. माणसाला ऐकू न येणारा, फार खालच्या पट्टीतला वादळाचा आवाज त्यांनी ऐकला असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

कावळ्याच्या घरट्याचा ठोकताळा मात्र मला पटत नाही. घरटे आंब्यावर असेल तर पाऊस चांगला, बाभळीवर असेल तर दुष्काळ, म्हणतात. माळावर बाभळीवाचून दुसरे झाडच नसेल, तर बिचाऱ्या कावळ्याने करावे काय?